पाण्याखाली गेलेले गाव आणि न सरणारी वर्षे

पत्राचा आशय : मी माहेरची नगरची, मराठी बायबल वाचत वाढलेली. लग्न होऊन गोव्यातील सांगे तालुक्यात वालकिणीला आले. सासऱ्यांचे वय 82. त्यांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले, पण दर मे महिन्यात पाणी ओसरले की ते कपेलाच्या, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या, फेस्ताला (सणाला) जातात आणि घराच्या जोत्यावर तासभर बसून येतात. यंदा त्यांना नीट चालवत नाही, तरी जायचेच म्हणतात. माझे यजमान म्हणतात, सगळेच नाहीसे होणार आहे, मग चिखल बघायला कशाला जायचे? आमच्याकडे प्रार्थनेला आलेल्या एका उपदेशकांनी तर सर्वांसमोर सांगितले की, नाश पावणाऱ्या जगावर एवढा जीव लावणे ही मूर्तिपूजाच होय. सासरे त्यांना काही बोलले नाहीत. रात्री एवढेच म्हणाले, "देवान आपलें कपेल लेगीत राखलें ना." देवाने स्वतःचे कपेलसुद्धा राखले नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने ते ऐकले आणि विचारले, मग देवही कधीतरी संपेल का? मी कोणाला काय उत्तर देऊ?

प्रिय ताई,

सासऱ्यांना घेऊन जा. हे आधी सांगतो, कारण बाकीचे विवेचन पुढच्या महिन्यातही वाचता येईल, परंतु पाऊस धरला की कुर्डीची वाट पुन्हा वर्षभरासाठी बंद होईल.

तुमच्याकडे आलेल्या उपदेशकांनी ज्या शिकवणीचा आधार घेतला, ती शिकवण खरी आहे आणि ती सौम्य करून सांगण्याचा मला अधिकार नाही. निर्माण केलेले सर्व काही सरणारे आहे, आणि ज्याने ते निर्माण केले तो एकटाच न सरणारा आहे, असे पवित्र शास्त्र पहिल्यापासून अखेरपर्यंत सांगते. हे सर्वांत स्पष्टपणे सांगणारे वचन स्तोत्रसंहितेच्या 102 व्या स्तोत्रात आहे. तू पूर्वी पृथ्वीचा पाया घातलास, आकाश तुझ्या हातचे काम आहे, ती नाहीशी होतील पण तू राहशील, ती सर्व वस्त्रासारखी जीर्ण होतील, पोशाख बदलावा तशी तू ती बदलशील, तू मात्र तोच आहेस आणि तुझ्या वर्षांना अंत नाही, असा त्या 25 ते 27 या वचनांचा अर्थ आहे. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात हीच वचने घेऊन ती ख्रिस्ताला लावलेली आहेत.

आता त्याच स्तोत्रात अकरा वचने मागे जा आणि 14 वे वचन वाचा. तेथे उद्ध्वस्त सियोनेबद्दल, म्हणजे यरुशलेमेबद्दल, स्तोत्रकर्ता देवाला सांगतो की, तुझ्या सेवकांना तिचे दगड प्रिय आहेत आणि तिच्या धुळीचाही त्यांना कळवळा येतो. पत्र हाती आल्यापासून हे वचन माझ्या मनातून जात नाही. पृथ्वी आणि आकाश जुन्या कापडासारखे विरून जाईल, असे ज्या माणसाने लिहिले, त्यानेच त्याच प्रार्थनेत पडलेल्या भिंतींच्या दगडांवर जीव असल्याचे कबूल केले, आणि देवाने त्याला त्याबद्दल टाकून बोलल्याचे स्तोत्रात कोठेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुखातून, एकाच श्वासात आल्या आहेत. सासऱ्यांसमोर यांपैकी एकच वाचली गेली, हे मला फार लागले.

योहानाच्या पहिल्या पत्रात जग नाहीसे होत आहे असे म्हटले आहे, ते उपदेशकांच्या मनात असावे. परंतु तेथे जग म्हणजे काय, ते आदल्याच वचनात सांगितले आहे : देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी. त्यात विहीर, माड, आईने सारवलेले अंगण यांचा उल्लेख नाही. आणि रडण्याबद्दलच बोलायचे तर आपला प्रभू एका शहरासाठी रडला. यरुशलेम दृष्टीस पडताच त्याला रडू कोसळले, आणि तेथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही हे ठाऊक असतानाच ते कोसळले, असे लूकने 19 व्या अध्यायात लिहिले आहे. एखादी गोष्ट जाणार आहे हे कळणे आणि ती गेल्याचे दुःख होणे, यांत त्याला विसंगती दिसली नाही.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कुर्डीला गेलो होतो. उकललेल्या चिखलाची ढेकळे, त्यांतून वर आलेले वठलेल्या माडांचे बुंधे, कोठे एखादे जोते, कोठे विहिरीचा काठ, आणि सोमेश्वराच्या देवळाकडे व कपेलाकडे निघालेली, मिळेल त्या सावलीत थांबत चाललेली माणसे. एका ठिकाणी जांभ्या दगडाच्या तीन पायऱ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि एक म्हातारी बाई माडाच्या हिरांच्या केरसुणीने त्या झाडत होती. वरच्या पायरीवरची माती तिने बोटाने कोरून काढली, ओंजळीतून बाजूला नेऊन टाकली आणि मग तेथे मेणबत्ती लावली. हे सारे पुन्हा पाण्याखालीच जाणार ना, असे मी अजाणतेपणी विचारून गेलो. ती म्हणाली, घरी आल्यावर माणूस आधी झाडत नाही का? मूर्तिपूजा कशाला म्हणतात ते मी धर्मशिक्षणात शिकलो आहे. त्या पायरीपाशी मला ती दिसली नाही.

येथे मला आणखी एक सांगितले पाहिजे. मडगावात माझ्या घरी नळाला येणारे पाणी साळावलीचे आहे. 1986 साली तुमच्या सासऱ्यांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो कुटुंबांनी जे सोडले, त्यावर दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाची तहान भागते. जे पाणी मी रोज पितो ते त्यांच्या अंगणात साचलेले आहे, तेव्हा जग नश्वर आहे, विसरून जा, असे त्यांना सांगण्याचे धाडस मला तरी होत नाही. आणि माझ्या मते ज्याने स्वतः काही सोडलेले नाही त्याने नश्वरतेचा उपदेश दुसऱ्याला करताना आवाज खाली ठेवावा.

तुमच्या यजमानांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मला अधिक समजते. सगळेच जाणार, मग कशाला, ही बायबलमधील "उपदेशक" नावाच्या पुस्तकातली जुनी हाक आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये तेथे "व्यर्थ" हा शब्द आला आणि तो आपल्या कानांत निरुपयोगी या अर्थाने बसला. मूळ हिब्रू शब्द हेबेल असा आहे आणि त्याचा अर्थ श्वास, वाफ, फुंकर असा होतो. काइनाने मारलेल्या हाबेलाचे नावही हेच. थंडीत पहाटे जलाशयावर धुके धरते आणि ऊन आले की विरते, त्या धुक्याला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. ते मुठीत धरता येत नाही, एवढेच. उपदेशकाचे पुस्तकही शेवटी माणसाला हात झटकून बसायला सांगत नाही. आपली भाकर आनंदाने खा, आपल्या प्रिय पत्नीसह सुखाने राहा आणि जे काम हाती येईल ते सर्व बळाने कर, असे ते 9 व्या अध्यायात सांगते. यजमानांना हे वाचून दाखवा, पण त्याआधी त्यांना विचारा की, गाव सोडले तेव्हा ते किती वर्षांचे होते आणि त्या दिवशी त्यांनी काय उचलून आणले. माझा अंदाज चुकीचा असू शकेल, परंतु चिखल बघायला कशाला जायचे, असे म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वतःच तो चिखल पाहू शकत नसतो.

आता मूळ प्रश्न. सृष्टी सरते ती का? ती वाईट आहे म्हणून सरते, असे ख्रिस्ती शिकवण म्हणत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस देवाने आपण केलेले सर्व पाहिले आणि ते फार चांगले होते, असे लिहिले आहे. ती खोटी किंवा भासमय आहे म्हणून सरते, असेही नाही. आपण मराठीत वाढलेली माणसे, "हे सगळे मायेचे जग" असे सहज बोलून जातो, आणि त्या शब्दामागे आपल्या शेजाऱ्यांच्या धर्मातील खोल विचार आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. परंतु ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे निराळे आहे. जग खरे आहे, मात्र ते स्वयंभू नाही. ते शून्यातून निर्माण झाले आणि क्षणोक्षणी देवाच्या इच्छेने टिकून आहे. स्वतःचे अस्तित्व त्याच्यापाशी स्वतःच्या मालकीचे नाही, ते दिलेले आहे, आणि जे दिलेले आहे ते आपल्या बळावर कायम राहू शकत नाही. स्वयंभू एकच आहे, ज्याने मोशेला जळत्या झुडपातून, "मी आहे तो आहे", असे आपले नाव सांगितले.

हीच गोष्ट आपल्या भाषेत, आपल्याच भूमीत चारशे वर्षांपूर्वी सांगितली गेली आहे. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघी पाद्रींनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली राशोलला छापले गेले. त्याची सुरुवातच देवाला, "स्वर्गपृथ्वीच्या रचणारा", अशा हाकेने होते. रचणारा हा किती साधा शब्द आहे पाहा. चिऱ्यावर चिरा ठेवणाऱ्या गवंड्यालाही तो शोभतो. साळावली नदीचे पाणी पुढे जुवारीला मिळते आणि जुवारी राशोलच्या पायथ्याशी वाहते. म्हणजे कुर्डीवरून आलेले पाणी, जेथे ही हाक छापली गेली, त्या जागेवरून समुद्राला जाते.

सासऱ्यांच्या त्या एका वाक्याला मी सर्वांत भितो, कारण त्याला वरवरचे उत्तर देता येत नाही आणि देऊही नये. देवाने स्वतःचे कपेलसुद्धा राखले नाही, हे खरे आहे. त्याने शलमोनाचे मंदिरही राखले नाही. ज्या दिवशी ते मंदिर अर्पण झाले त्याच दिवशी शलमोनाने प्रार्थनेत म्हटले होते की, स्वर्गात, स्वर्गांच्या स्वर्गातही तू मावत नाहीस, मग मी बांधलेल्या या घरात कसा मावशील. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबेलच्या सैन्याने ते जाळले, आणि त्याच्या जागी उभे राहिलेले दुसरे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने पाडले. जुन्या गोव्यात संत ऑगस्टीनचा मनोरा अर्धाच उभा आहे. 1835 मध्ये धर्मसंघांना घालवल्यावर तो मठ ओस पडला, 1842 मध्ये चर्चचे छत कोसळले आणि 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. त्या मनोऱ्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. कपेल उभे राहिले म्हणून देव राहिला आणि ते बुडाले म्हणून देव हरला, असा हिशेब आपल्या श्रद्धेत कधीच नव्हता. सासऱ्यांना मात्र हा इतिहास उत्तर म्हणून ऐकवू नका. त्यांचे वाक्य तक्रार आहे, आणि तक्रार हा स्तोत्रांमधला फार मोठा भाग आहे. 102 व्या स्तोत्राचा मथळाच, खिन्न होऊन देवापुढे गाऱ्हाणे मांडणाऱ्या दीनाची प्रार्थना, असा आहे. जो देवाला नावाने जाब विचारतो, त्याने देवाला सोडलेले नसते. त्यांना फक्त एवढे विचारा की, कपेलात शेवटची मिसा (उपासना) झाली तेव्हा ते कोठे उभे होते.

राहिला तुमचा मुलगा, आणि त्याच्यासाठी मी अधिक जागा घेणार आहे. देवही संपेल का, हा प्रश्न लहान नाही. आपण सगळेच देवाची कल्पना फार, फार वर्षे जगणाऱ्या आजोबांसारखी करतो, आणि मग मुलाला साहजिकच वाटते की जे फार वर्षे चालते तेही एक दिवस थांबणार. संत ऑगस्टीनांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या 11 व्या खंडात याच गाठीला हात घातला. स्वर्ग आणि पृथ्वी करण्यापूर्वी देव काय करत होता, असे लोक विचारत, त्यावर त्यांचे म्हणणे असे की, काळ हीच मुळी देवाने निर्माण केलेली गोष्ट आहे, म्हणून काळाच्या आधी "तेव्हा" असे काही नव्हतेच. सुमारे 524 साली, कैदेत मृत्युदंडाची वाट पाहत असलेल्या बोईथियस या रोमन तत्त्वज्ञाने सनातनत्वाची व्याख्या केली, ती चर्चने आजवर सांभाळली आहे : अमर्याद जीवन संपूर्णपणे, एकाच वेळी, आपल्यापाशी असणे. आपले आयुष्य आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी मिळते. कालचे हातून गेले, उद्याचे आलेले नाही. देवाचे कालचे हातून जात नाही. त्याच्या वर्षांना अंत नाही याचा अर्थ त्याच्यापाशी वर्षांचा साठा मोठा आहे असा नाही, त्याला वर्षे खर्चच करावी लागत नाहीत असा आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला हे असे सांगता येणार नाही. त्याला डोंगरावर न्या. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दिलेला दाखला असा की, वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावर उभ्या असलेल्या माणसाला सगळी वाट एकदम दिसते. नदीच्या वळणावर होडीत बसलेल्याला पुढचे वळण दिसत नाही आणि मागचे झाडीआड गेलेले असते, डोंगरमाथ्यावरून मात्र उगमापासून खाडीपर्यंतचे सारे पात्र एका दृष्टीत येते. मुलाला सांगा की आपण होडीत आहोत आणि देव माथ्यावर आहे. दाखल्याला मर्यादा आहे, कारण देव दूर उभा राहून बघणारा नाही, तो होडीतही आपल्याबरोबर आहे, आणि बेथलेहेमात जन्मलेल्या बाळाबद्दल आपण नेमके हेच मानतो. परंतु यातून मुलाला एक गोष्ट पक्की समजेल : आजोबांचे कुर्डी आपल्याला दिसत नाही, ते देवाच्या दृष्टीतून गेलेले नाही. दिवेलागणीला आजोबांच्या आईने मारलेली हाक आपल्यासाठी विरून गेली, त्याच्यासाठी विरली नाही.

देव बदलत नाही म्हणजे तो दगडासारखा आहे, असे मात्र त्याला वाटू देऊ नका. मलाखीच्या ग्रंथात, मी परमेश्वर बदलत नाही, या वाक्याला लागूनच, म्हणूनच याकोबाच्या संतानांनो, तुमचा नाश झाला नाही, असे म्हटले आहे. त्याचे न बदलणे म्हणजे त्याच्या दयेचे न बदलणे. आपली मने फिरतात, सरकारे फिरतात, पावसाळे मागे-पुढे होतात, आणि त्यावर विसंबून राहिलेला माणूस पुरता थकून जातो. त्याला पाठ टेकायला न हलणारे काही लागते.

शेवटी काय होणार, हे विचारण्याचे तुम्ही पत्रात टाळले आहे, पण मला ते ओळींमधून जाणवले. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आकाश जळून लयास जाण्याचे वर्णन आहे आणि ते वाचून पुष्कळांना सृष्टी म्हणजे जाळून टाकायचा कचरा वाटू लागते. त्याच पत्रात पुढच्याच वचनात नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे वचन आहे, आणि प्रकटीकरणात सिंहासनावर बसलेला म्हणतो की, मी सर्व गोष्टी नव्या करतो. सर्वस्वी वेगळ्या नव्या गोष्टी करतो, असे तो म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात सृष्टीच नश्वरतेच्या दास्यातून मुक्त होण्याची आशा बाळगून कण्हत आहे. आणि या सगळ्याचा जो एकच नमुना आपल्याला दाखवण्यात आला, त्या पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. थोमाने ते पाहिले. नवे झालेले शरीर जुन्याची आठवण पुसून टाकत नाही, एवढे त्यावरून धरून चालता येते. याहून पुढे जाऊन, स्वर्गात तुमची कुर्डीची विहीर सापडेल, असे सासऱ्यांना सांगू नका. त्याचे आश्वासन आपल्याला दिलेले नाही आणि वृद्ध माणसाला खोटा दिलासा लगेच ओळखू येतो. जे देवाने एकदा दिले आणि ज्यावर माणसाने प्रेम केले, ते देवाच्या हातून सांडत नाही, असे मी मानतो, आणि इथपर्यंतच मी त्यांच्यासमोर बोलेन.

एका बाबतीत मी उपदेशकांच्या बाजूने आहे, तेही लिहून टाकतो. आठवणीत बसलेला माणूस कधीकधी समोरच्या ताटाकडे, समोरच्या नातवाकडे पाहीनासा होतो. येथे आपल्याला कायमचे नगर नाही, असे इब्री लोकांस पत्र म्हणते, ते कुर्डीला जसे लागू आहे तसे वालकिणीलाही. सासरे फेस्ताहून परतल्यावर घरात मोकळे होतात की गप्प होतात, हे तुम्हीच पाहिलेले आहे. ते मोकळे होत असतील, तर त्या चिखलात त्यांचे काही अडकलेले नाही.

आता जाण्याचे. सकाळी लवकर निघा, दहानंतर तेथे ऊन सोसवत नाही. गाडी कोठपर्यंत जाते ते यंदा आधी जाऊन आलेल्या गावकऱ्यांना विचारून ठेवा, कारण ओल राहिलेल्या जागी चाके रुततात. डॉक्टरांना विचारून घ्या. घडीची खुर्ची, छत्री आणि पुरेसे पाणी न्या. गाडी यजमानांनाच चालवायला सांगा आणि त्यांना जोत्यापर्यंत यायचा आग्रह करू नका, ते गाडीपाशी उभे राहिले तरी चालेल. जोत्यावर बसल्यावर 102 वे स्तोत्र संपूर्ण वाचा, सासऱ्यांना कोकणीतून जवळचे वाटत असेल तर कोकणीतून. दगडांचे वचन गाळू नका आणि वस्त्राचेही गाळू नका. अखेरचे, 28 वे वचन मुलाला वाचू द्या. तुझ्या सेवकांची मुले वसती करून राहतील, असे त्यात आहे. मे महिन्याची सुट्टी असल्याने शाळेची अडचण नाही, आणि खुर्ची उचलायला कोणीतरी लागेलच.